मेजाखाली बसायला माणूस पाहिजे

जुन्नरच्या एका कल्हईवाल्यावर अन्याय झाला. तो पौषातल्या शेवटच्या रविवारी, बाजार ऐन भरात असताना, दुपारी तीनपासून साडेतीनपर्यंत झाला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ज्या साहेबांसमोर तो झाला ते सारखं खिशातलं घड्याळ काढून बघत होते. जागा बाजारतळाजवळची धर्मशाळा. माणसं भिंतीपर्यंत दाटली होती. अन्याय त्यांतल्या एकालाही दिसला नाही, कारण कल्हईवाले चाचा त्या वेळी मेजाखाली होते आणि मेजावरून जमिनीपर्यंत पांढरी चादर सोडलेली होती. चादर मीच सोडली होती.

पत्रक कसं लिहायचं हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचा नियम साधा होता. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते, दुसऱ्या ओळीत कधी झाला ते, शेवटच्या ओळीत मागणी. मधलं कुणी वाचत नाही, ते कसंही लिहावं. या नियमाने मी नऊ पत्रकं काढली. या लिखाणाचं मधलं मात्र वाचावं लागेल. शेवटी जी मागणी केली आहे ती मधलं वाचल्याशिवाय तुम्हाला पुरी करता येणार नाही.

आमच्या भागात आगगाडी नाही. ती बघायची तर तळेगावला जावं लागतं आणि बैलगाडीने त्याला वाटेत मुक्काम करावे लागतात. भीमाशंकराच्या रानातला हिरडा, जुन्नरचा कांदा, आंबेगावकडचा तांदूळ, सगळं याच वाटेने डुगडुगत जातं. म्हणून आगगाडी मागायला आमचं एक मंडळ निघालं. अध्यक्ष हिरड्याचे मोठे व्यापारी होते. मी मंडळाचा लिहिणारा. मी शिनोलीचा, वय बावीस, आणि सरकारने माझं एखादं पत्रक वाचलं की रूळ टाकायला लागेल असा माझा ठाम समज होता.

सरकारने एकदा मोजणीला माणसं धाडली होती, नाही असं नाही. त्यांनी नारायणगावच्या अलीकडे रानात लाकडी खुंट्या ठोकल्या. पुढच्या वर्षी तीच माणसं परत आली आणि खुंट्या कुठे गेल्या म्हणून विचारू लागली. लोकांनी सरळपणाने खुंट्या दाखवल्या. प्रत्येक खुंटीला एक बकरी बांधलेली होती. मोजणीवाले परत गेले. यावर माझं तिसरं पत्रक आहे. त्यात मी बकऱ्यांचा उल्लेख टाळला आहे.

आठवं पत्रक छापून आलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "अहो, साहेब काय मराठी वाचणार आहे? त्याला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी करा. छोटी आगगाडी करा. तळेगावापासून जुन्नरपर्यंत. नद्या, पूल, स्टेशनं, सगळं. चालली पाहिजे."

"करणार कोण?" मी विचारलं.

"करतील कुणीतरी," अध्यक्ष म्हणाले. आमच्या मंडळात बहुतेक कामं याच माणसावर सोपवली जात.

हा कुणीतरी म्हणजे चाचा. शिवनेरीकडे तोंड करून त्यांचं दुकान. भांड्यांना कल्हई करणं हा धंदा. शिवाय घासलेटच्या रिकाम्या डब्यांचे दिवे, नरसाळी, चाळण्या करायचे. साठीच्या आसपासचे, कानावर नेहमी एक खडू. मी मंडळाचं काम सांगितलं. त्यांनी हातातल्या पातेल्यावरून कथिलाचा बोळा फिरवणं थांबवलं नाही.

"आगगाडी बघितलीये का तुम्ही?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग कशी कराल?"

"बघून येतो की."

आणि ते दुसऱ्या दिवशी तळेगावला चालत गेले. तिथे चार दिवस फलाटावर बसून राहिले. चाचांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सगळी मापं सुतळीला गाठी मारून आणली. चाकांची एक सुतळी, डब्यांची एक, धुराड्याची एक. गाडी निघून गेल्यावर ते रुळांवर आडवी सुतळी धरून बसले, तेव्हा स्टेशनातला शिपाई धावत आला आणि रूळ चोरायचा विचार आहे का म्हणून ओरडला.

"न्हाई भाऊ," चाचा म्हणाले, "मापं चोरायचीत. रूळ हितंच राहू द्या."

दोन रुळांमधलं अंतर साडेतीन हात आणि चार बोटं भरलं. चाचांचा हिशेब असा की खऱ्या गाडीचा एक हात म्हणजे आपल्या गाडीचं एक बोट. तेव्हा आपले रूळ साडेतीन बोटं आणि वर जवाचा एक दाणा. तो दाणा ते खरोखर ठेवून बघत. मी म्हटलं, दाण्याने काय बिघडतं? ते म्हणाले, "तुमी पत्रकात येक अक्शर गाळता का?"

माझ्या सहाव्या पत्रकात दोन गळली होती.

त्यानंतरचे चार महिने मी जवळजवळ रोज त्या दुकानात होतो. देखरेखीला म्हणून जायचो, पण बघत बसायचो. मोठी पिंपं बांधायला ज्या लोखंडी पट्ट्या असतात त्या मुळातच वाकलेल्या, म्हणून वळणांना त्या. सरळ मार्गाला मोडक्या छत्र्यांच्या काड्या. जुन्नरच्या सगळ्या मोडक्या छत्र्या त्या पावसाळ्याअखेर गोळा झाल्या. इंजिन आणि डबे घासलेटच्या डब्यांचे, कथिलाने डाग देऊन जोडलेले. डबा उलटा केला तर खाली डब्यावरचं छापील चित्र अजून दिसतं, अर्धा हत्ती. डोंगर कागद बनवणाऱ्यांच्या कागदी मोहल्ल्यातून आले. तिथे हौदाच्या तळाला कागदाचा जो लगदा उरतो तो चाचांनी टोपलीने आणला आणि शिवनेरी उभा केला. दुकानाच्या दारातून दिसतो तसा हुबेहूब. दारातून न दिसणारी बाजू त्यांनी सपाट ठेवली. पलीकडच्या बाजूची माणसं येऊन तक्रार करून गेली. चाचा म्हणाले, "जी बाजू मी रोज बगतो तेवढीच करनार. बाकी खोटं व्हईल."

माझ्याकडे त्यांनी एकच काम दिलं, रुळांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या कापायचं. सिलिपाट म्हणतात त्यांना. पाच बोटं लांब कापा म्हणाले. मी दोनशे कापल्या. त्या सगळ्या आखूड निघाल्या, कारण मी माझ्या बोटांनी मोजल्या होत्या आणि बाकीची गाडी त्यांच्या बोटांनी मोजली जात होती. त्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला.

"लेखनीची बोटं," ते म्हणाले. आणि दोनशे पट्ट्या चाचींनी चुलीत घातल्या.

दुकानापुढे माणसं जमायला लागली. कल्हईला आलेली भांडी तशीच पडायची. खोडदचा एक शेतकरी कांद्याच्या गाडीवरून उतरून आत आला. मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने नजर फिरवली.

"आमच्या खोडदाला टेसन न्हाई व्हय?"

"रूळ तिकडनं जात न्हाई, पावणं," चाचा म्हणाले.

"मग वाकवा की राव. पत्रा तर हाय."

"पत्रा हाय, पन नारायणगाव बी हाय मदी."

"नारायणगावाला काय सोनं लागलंय? बाजार असला म्हनून काय झालं?" तो दाराशी जाऊन परत आला. "बरं, टेसन ऱ्हाऊ द्या. नुसती शिट्टी तरी वाजवा आमच्या बाजूला तोंड करून."

शिट्टी चाचांनी मान्य केली. गाडी वाजवू शकत नव्हती, तेव्हा तिथे आल्यावर चाचा स्वतः तोंडाने वाजवायचे.

इथे मला माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिनोली या मार्गात येत नाही. ती घोडेगावाच्या पुढे भीमाशंकराच्या वाटेवर, मंचरपासून पार आडबाजूला. हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी एक दिवस आडून आडून शिनोलीचा विषय काढला. चाचा पत्रा कापत राहिले. दुसऱ्या दिवशी मंचरपासून एक फाटा निघालेला होता, दीड हात लांब, आणि त्याच्या टोकाला काडेपेटीएवढं स्टेशन. त्या फाट्यावर गाडी जाऊच शकत नव्हती. पण फाटा होता. आमच्या गावाला त्याहून जास्त त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

गाडी चालायची ती अशी. रुळांच्या मधोमध फट. इंजिनाच्या पोटाला एक खिळा, तो फटीतून खाली उतरलेला. मेजाखाली दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवरून फिरणारी एक अखंड दोरी, चरख्याच्या माळेसारखी, आणि खिळा त्या दोरीला बांधलेला. मूठ फिरवली की दोरी फिरते, दोरीबरोबर गाडी. मूठ फिरवणाऱ्याला वरचं काही दिसत नाही. म्हणून चाचांनी दोरीलाच गाठी मारल्या. दोरी डाव्या तळहातातून सरकू द्यायची. एक गाठ लागली की चाकण, दुसरी खेड, तिसरी मंचर. मग दोन गाठी जवळजवळ, म्हणजे घोड नदीचा पूल, तिथे हात अगदी हलका. नंतर नारायणगाव, मग जुन्नर. शेवटी चिंधी बांधलेली मोठी गाठ म्हणजे शिवनेरीच्या पोटातला बोगदा. त्यातून गाडी थेट तळेगावला निघायची. असा बोगदा कुणी मागितलेला नव्हता, पण दोरी गोल असल्यामुळे तो लागला.

धुराड्यात लोबान. चाचा म्हणाले, कोळसा घातला तर डाग उकलतील. तेव्हा आमची आगगाडी आली की दर्ग्यात उभं राहिल्यासारखा वास यायचा.

आणि या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. ती चाचींनी सांगितली. ओट्यावर त्या चिंध्यांचे उतारू शिवत बसल्या होत्या.

"समद्या जुन्नरानं गाडी बघितली," त्या म्हणाल्या. "ह्यांनी बघितली का, इचारा."

मी विचारलं. चाचा मेजाखालून म्हणाले, "वास येतो ना. म्हंजे चाललीये."

त्यांना ती उभी असताना माहीत होती. चालताना कधी दिसलीच नव्हती. ज्याला दोरीचा हात होता तो एकच माणूस, आणि तो कायम मेजाखाली. मी लगेच म्हटलं, चाचा, मी शिकतो. मी फिरवतो, तुम्ही वर उभे राहा. ते एवढे खूश झाले की कानावरचा खडू पडला.

मी शिकायला लागलो. पहिल्या दिवशी गाडी घोड नदीत पडली. दुसऱ्या दिवशी पडली. तिसऱ्या दिवशी पुलापर्यंत पोचलीच नाही, मंचरच्या फलाटावर चढली. वर उभ्या राहिलेल्या चाचांना गाडी पूल ओलांडताना काही दिसायची नाही, पडताना तेवढी दिसायची, आणि ते खाली वाकून इंजिन उचलायचे. अखेर साहेब येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, माझ्या हातून गाडी एकदा पूल ओलांडून गेली. पण त्या वेळी चाचा नळावर हात धुवायला गेले होते.

"हरकत न्हाई," ते परत येऊन म्हणाले. "उद्या बगतो. समद्यांबरोबर."

ठरलं ते असं. तीन फेऱ्या. पहिल्या दोन चाचा फिरवतील, म्हणजे साहेबांसमोर गाडी नदीत जाणार नाही. दुसरी संपली की चाचा खालून मेजाला तीनदा टकटक करतील. मी आत शिरायचं, मूठ घ्यायची, आणि चाचांनी बाहेर येऊन साहेबांच्या शेजारी उभं राहायचं.

आता पाटीचं. आमच्याकडे भांड्यावर टिपके ठोकून नाव घालायची रीत आहे. तांब्या लग्नात दिला तर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी तिथीसुद्धा. ज्याने ते टिपके ठोकले त्याचं नाव कुठल्याही भांड्यावर नसतं. तुम्ही आपल्या घरची भांडी उलटीसुलटी करून बघा. गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, चाचा चिठ्ठीवरची वळणं बघून छिन्नीने ठोकतात. अक्षर येत नसलं तरी वळण येतं. गाडीच्या पुढे लावायच्या तांब्याच्या पाटीसाठी अध्यक्ष मला म्हणाले, चिठ्ठी द्या. मी दिली. वर अध्यक्षांचं नाव, खाली मंडळातले बाकीचे, शेवटी, कशाला लपवू, माझं. सरळ हाताने लिहिली. भांड्याची चिठ्ठी लिहितात तशी. ज्याने चार महिने गाडी केली त्याचं नाव त्यात नाही हे मला लिहिताना खटकलं नाही, आणि त्याने ते ठोकताना त्यालाही खटकलं नाही. अध्यक्षांच्या नावापुढे माझ्या दौतीचा एक थेंब पडला होता. चाचांनी तोही अगदी गोल ठोकला आहे. अजून आहे.

रविवार आला. धर्मशाळेत दुकानातलं मेज, चार निखळलेल्या दारांचं, आणून मांडलं होतं. साहेब रेल्वेकडचे कुणी होते, दौऱ्यावर निघालेले, आमच्यासाठी अर्धा तास काढून आलेले. ते यायच्या आधी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं.

"चादर खालपर्यंत सोडा. खाली माणूस दिसता कामा नये."

"का?"

"अहो, गाडी आपोआप चालतेय असं वाटलं पाहिजे. कल्हईवाला खाली बसून दोरी ओढतोय हे दिसलं तर साहेब काय म्हणेल? आगगाडी मागतायत का कठपुतळ्या?"

मला ते पटलं. हे मी मुद्दाम लिहितो. मला ते पटलं, आणि मी चादर सोडली.

पहिली फेरी. लोबानाचा धूर काढत गाडी तळेगावहून निघाली, प्रत्येक स्टेशनावर थांबली, खोडदाच्या अंगाला मेजाखालून शिट्टी वाजली, गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वाजली रं वाजली!" साहेब शिंकले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दुसरी फेरी. साहेब घड्याळ विसरले. पुलावरून गाडी गेली तेव्हा त्यांनी श्वास रोखलेला मी पाहिला.

दुसरी फेरी संपली. खालून तीनदा टकटक झाली.

मी ऐकली. त्याच क्षणी साहेबांनी माझ्याकडे वळून माझं आठवं पत्रक हातात घेतलं होतं. त्यांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ते हातात धरलं होतं, उलटं. मला वाटलं, आता एवढं सांगून होऊ दे. मी सांगायला लागलो. गाडी तिसऱ्या फेरीला निघाली, कारण थांबली असती तर सगळ्यांसमोर मंडळाची फजिती झाली असती आणि चाचा तसलं काही होऊ देणाऱ्यांतले नव्हते. पुन्हा टकटक. मी म्हटलं, एक मिनिट. मनातल्या मनात म्हटलं, म्हणजे ते मेजाखाली ऐकू जायचं कारण नव्हतं.

अध्यक्षांचं भाषण झालं. शाल मंडळाने साहेबांसाठी आणली होती, ती साहेबांनी हसून अध्यक्षांच्याच खांद्यावर टाकली. गाडी फिरतच होती. साहेबांनी पाटीवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, ही गाडी कुणी केली? इंग्रजी कळणारा तिथे मी एकटा. मला 'कल्हईवाला' याला शब्द ठाऊक नव्हता, पण 'माणूस' ठाऊक होता, 'मेज' ठाऊक होता, आणि 'खाली' सुद्धा. तिन्ही जोडले असते तर भागलं असतं.

मी एकच शब्द बोललो, तो दोन्ही भाषांत सारखाच होता. मी म्हटलं, "कमिटी."

साहेबांनी कमिटीशी हस्तांदोलन केलं. साडेतीन वाजले. सगळे चहाला बाहेर गेले. मीही दारापर्यंत गेलो. मग मागे लोबानाचा वास अजून येत होता म्हणून वळलो. गाडी अजून चालत होती. चाकणला थांबली, खेडला थांबली. बघायला कुणी नव्हतं. मी चादर उचलली.

चाचा गुडघ्यांत डोकं घालून बसले होते. डावा तळहात दोरीने सोलून निघाला होता, गाठी लागतात तिथे जास्त. ते हळूहळू बाहेर आले, कंबर धरून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं.

"पुलावर हलली का?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

"बोगद्यात शिरताना धूर आत जातो का भाईर ऱ्हातो?"

त्या दुपारी गाडीने कितीतरी फेऱ्या मारल्या होत्या आणि साहेब असेपर्यंत मी एकदाही तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो.

"बरं," चाचा म्हणाले, आणि हत्यारं गोळा करायला लागले.

मी त्याच आठवड्यात नववं पत्रक काढलं. पाटीवर कारागिराचं नाव घाला, अशी मागणी. फार जळजळीत होतं. अध्यक्षांनी ते वाचून मला मंडळातून काढलं आणि मंडळाच्या वाचनालयात पाऊल टाकायची मनाई केली. मी पत्रकाची एक प्रत आणि मनाईची चिठ्ठी घेऊन ताठ मानेने चाचांच्या दुकानात गेलो. दोन्ही वाचून दाखवली.

चाचांनी ऐकून घेतलं. "भांड्यावर कारागिराचं नाव कोन घालतं, राव? तुमी परत कागुदच लिवला व्हय?"

चाची ओट्यावरून खाली उतरल्या. "नावाचं काय लोनचं घालायचंय त्यांना? त्यांनी नाव मागितलं व्हतं का तुमच्याकडं? काय मागितलं व्हतं?"

मी पत्रकाची घडी घालू लागलो.

"बोला की. तोंडानं बोला. हातानं लई लिवता."

"वर उभं राहून गाडी बघायची होती," मी म्हटलं.

"मग ती दाखवा," चाची म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तेव्हा हे दहावं. पाटीबद्दल नाही. पाटी राहू द्या, माझ्या शाईच्या थेंबासकट. आगगाडीबद्दलही नाही. ती आलेली नाही, आणि तिच्यावर आठ पत्रकं पडून आहेत, हवी त्याने न्यावीत.

परिस्थिती अशी आहे. गाडी मंडळाच्या वाचनालयात मागच्या खोलीत उभी आहे, चादरीसकट. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चाचांना तिला तेल घालायला मागच्या दाराने आत घेतात. ते तेल घालतात, चाकं फडक्याने पुसतात आणि उभ्या गाडीकडे थोडा वेळ बघून घरी येतात. मूठ फिरवायला कुणी नसतं. वाचनालयाचा कारकून मेजाखाली जायला तयार नाही, धोतर मळतं म्हणतो. मला दार बंद आहे. चाचा कुणाला सांगणार नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही.

तुम्ही मंडळाचे सभासद आहात. नसता तर हा कागद तुमच्या घरी आला नसता. तुम्हाला दार उघडं आहे.

येत्या पहिल्या रविवारी तिथे जा. कुणाची परवानगी विचारू नका. चाचांना म्हणा, तुम्ही वर उभे राहा. धुराड्यात लोबान पेटवा, चादर उचला आणि आत शिरा. उजव्या हाताने मूठ धरा, दोरी डाव्या तळहातातून जाऊ द्या. तिसऱ्या गाठीनंतर दोन गाठी लागोपाठ लागतील तिथे हात हलका ठेवा, नाहीतर गाडी नदीत जाईल. तुम्हाला वरचं काही दिसणार नाही. वास आला की समजा चालली. खोडदाला शिट्टी तुमची तुम्ही वाजवा. दमलात तरी फिरवत राहा, तळहात सोलला तरी फिरवत राहा. चाचा वरून मेजाला तीनदा टकटक करतील. ती ऐकू येईपर्यंत थांबू नका.